बैल माळ्यावर जातो त्या वर्षी

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असणाऱ्या मुलांच्या पोळ्याच्या संध्याकाळी नागपूरच्या महालातल्या आमच्या गल्लीत लाकडी बैलांची रांग लागते. पायांना चाकं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. धोतर-फेट्यातले चार-पाच वर्षांचे मालक दोरी ओढत घरोघर जातात आणि बोजारा गोळा करतात. पूर्वी हातावर नाणं पडायचं, आता चॉकलेटही चालतं. माझा भाचा तीन वर्षांचा असल्यापासून या रांगेत होता. तेरावं लागलं त्या वर्षी ताईनं बैल पुसून, सजवून ठेवला आणि हा दारातच अडला.

"मी नाही येऊन राहिलो, मामा."

"का रे?"

"सगळे पाहून राहिले ना!"

मी गल्लीत नजर टाकली. समोरच्या काकू ओवाळणीच्या ताटात हळद शोधत होत्या. शेजारचे आजोबा खुर्चीत पेंगत होते. त्याच्याकडे पाहणारं कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

त्याच्या त्या 'सगळ्यां'ना मानसशास्त्रात नाव आहे: काल्पनिक प्रेक्षक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये ही कल्पना मांडली. समोरच्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार या वयात मुलाला नीट जमायला लागतो. पण आपल्या डोक्यात जे घोळतंय तेच त्याच्याही डोक्यात घोळत असणार, असं तो धरून चालतो. आपला मुरूम आपल्याला दिसतो, म्हणजे साऱ्या सीताबर्डीला दिसतो. एल्काइंडनी याला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली. माझं दुःख आजवर कोणाला झालंच नाही, मी काहीतरी वेगळाच आहे, अशी एक खासगी दंतकथाही मूल याच काळात रचतं. सगळे माझ्याकडे बघतात आणि मला ओळखत मात्र कोणीच नाही: या दोन वाक्यांवर किशोरवयाच्या निम्म्या कादंबऱ्या उभ्या आहेत.

मुलांची बाजू घेऊन एक सांगतो. हे प्रेक्षक अगदीच काल्पनिक नसतात. कोणी कुठली चप्पल घातली यावर आठवीच्या वर्गात खरोखरच खल होतो.

लिआ सोमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात करायचं काहीच नव्हतं. आठ ते बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि सांगितलं की आता कॅमेरा सुरू होईल व तुमच्याच वयाचं कोणीतरी तुमचा चेहरा बघेल. बघत कोणीच नव्हतं. तरी लाज वाटल्याचं मुलं सांगत होती, तळव्यांना घाम सुटत होता, आणि स्वतःविषयी विचार करताना जागा होणारा कपाळामागचा मधला भाग कामाला लागत होता. लहान मुलांमध्ये हे सगळं बेताचंच. किशोरवयात मात्र जोरात. नुसत्या 'कोणीतरी बघतंय' एवढ्या वाक्यानं. भाच्याच्या दारातल्या त्या अडण्याचं यापेक्षा नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही.

आता कादंबऱ्यांकडे. जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' १९५१ मधली, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मधली. पहिलीचा नायक होल्डन न्यूयॉर्कचा, दुसरीचा पांडुरंग खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला. पण दोघांना जगाचा एकच राग आहे: माणसं ढोंगी आहेत. होल्डनला प्राध्यापकापासून नटापर्यंत सगळे ढोंगी दिसतात. पांडुरंग सांगवीकर गंभीर वाक्यातही 'उदाहरणार्थ' घुसडून कुठल्याही भारदस्तपणाची हवा काढून टाकतो. ही नजर खोटी नाही. मोठी माणसं एक बोलतात आणि दुसरं करतात, हे बहुतेकांना त्या वयात पहिल्यांदा लख्ख दिसतं.

दिसत नाही ते तसं वागणाऱ्या माणसाचं आतलं कारण. इथे २०१० मधला एक प्रयोग कामाचा आहे. एक फडताळ, त्यात वस्तू ठेवलेले कप्पे. फडताळाच्या पलीकडे एक माणूस. काही कप्प्यांना मागून पाठ असल्यानं त्यातलं त्याला दिसत नाही. तो म्हणतो, 'लहान चेंडू हलव.' तुम्हाला दिसणारा सगळ्यात लहान चेंडू त्याच्यापासून झाकलेला असतो, म्हणजे त्याच्या मनातला चेंडू वेगळा. सोपं वाटतं, पण मोठेही यात चुकतात. ड्युमॉन्टेइल, ॲपर्ली आणि ब्लेकमोर यांनी सात ते सत्तावीस वर्षांच्या मुली-बायकांना हे खेळायला दिलं. माणूस काढून टाकून तोच खेळ नुसत्या नियमानं खेळायचा झाला, तर पंधरा-सोळाच्या मुली मोठ्यांच्या बरोबरीला आल्या. पलीकडे माणूस आला की मात्र त्या मागे पडल्या. नियम कळतो, पलीकडून जग कसं दिसतं हे खेळता खेळता ध्यानात ठेवणं उशिरा पक्कं होतं.

म्हणून मला वाटतं, आपण निरागसता गेली म्हणतो तेव्हा आतून काही हरवलेलं नसतं, उलट आत कोणीतरी शिरलेलं असतं. दुसऱ्याची नजर घरात येऊन बसते, आणि त्या नजरेमागचा माणूस मागाहून, सावकाश येतो. मधली काही वर्षं घरात नजर असते, माणूस नसतो. एकटं वाटणारच.

कादंबरीकाराला एवढ्यावर भागत नाही, त्याला घटना लागते. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगानं गेलेला आहे; पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते. दोन भाषा, दोन खंड, आणि दोन्ही ठिकाणी मेलेलं भावंड, हा योगायोग मला बरीच वर्षं छळतो आहे. मेंदूत अशी एक तारीख सापडत नाही. पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये मृतांच्या मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. लहानपणी त्या भरमसाट असतात आणि पुढे कमी होत जातात. मेंदू-संशोधक जे गीड यांच्या गटानं त्याच त्या मुलांचे पुनःपुन्हा स्कॅन घेतले. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं की पुढच्या भागातला करडा थर वयात येण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि मग उतरायला लागतो. आपल्याकडे याला संत्र्याच्या बागेची छाटणी म्हणायचा मोह होतो. पण काटोलचा बागाईतदार कुठली फांदी कापायची ते ठरवून कापतो. इथे माळी कोणी नाही, वापरात नसलेली वाट आपोआप बुजते, आणि ते काम विशीतही चालू राहतं. पांडुरंग आपली गोष्ट सांगायला बसतो तेव्हा पंचवीस वर्षांचा असतो. नेमाड्यांनी स्कॅन पाहिला नव्हता.

वगळलं जाण्याचं दुखणंही याच वयात जास्त. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स बागेत बसले असताना एक फ्रिस्बी त्यांच्याजवळ आली. त्यांनी ती परत फेकली, दोन अनोळखी माणसांनी त्यांना थोडा वेळ खेळात घेतलं आणि मग फेकणंच बंद केलं. त्यांना ते इतकं लागलं की त्यातून पडद्यावरचा चेंडूचा एक खेळ तयार झाला, ज्यात इतर खेळाडू तुम्हाला हळूच वाळीत टाकतात. २०१० मध्ये कॅथरीन सेबास्टियन यांच्या गटानं तो किशोरवयीन मुली आणि मोठ्या बायका यांना खेळायला दिला. मुलींचं मन जास्त खट्टू झालं. चौघं तर्री-पोहे खायला गेल्याचा फोटो स्टेटसवर दिसतो आणि पाचव्याला कोणी विचारलेलंच नसतं, त्याचं तेच.

भाचा त्या दिवशी सकाळीच मित्रांबरोबर इतवारीत मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, बघायला जाऊन आला होता. गर्दी, धक्काबुक्की, बडग्यांवरच्या, म्हणजे त्यातल्या पुतळ्यांवरच्या, टोमण्यांना शिट्ट्या. तिथे शेकडो माणसांत त्याला कोणाचीच लाज वाटली नव्हती.

होल्डनला वस्तुसंग्रहालय आवडतं, कारण तिथे सगळं जागच्या जागी राहतं. बदललेला असतो तो आपण. नागपुरात शाळेच्या सहलीत अजब बंगल्यातले, म्हणजे इथल्या वस्तुसंग्रहालयातले, पेंढा भरलेले प्राणी पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

रात्री ताईनं बैल शेजारच्या छकुलीला देऊन टाकू म्हटलं. भाचा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "द्यायचा नाही." थोड्या वेळानं स्वतःच स्टूल आणून त्यानं तो झुलीसकट माळ्यावर ठेवला, तोंड भिंतीकडे करून.