वरून की आतून? पहिल्या सोनोग्राफीला पाणी पिऊन जायचं का?

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसून मला आता बरीच वर्षं झाली. तरी आठवड्यातून दोनतीनदा हे घडतंच. गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यातली एखादी मुलगी सकाळपासून उपाशी, पाण्याचा घोटही न घेता, उलट्यांनी पार गळून माझ्यासमोर उभी राहते. उपाशी यायला कोणी सांगितलं? "जाऊबाईंनी. त्यांना उपाशीच बोलावलं होतं." जाऊबाईंच्या पित्ताशयात खडे होते हो! खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि नीट दिसत नाही, म्हणून त्या तपासणीला सहा-आठ तास पोट रिकामं ठेवतात. गर्भपिशवीचा तुमच्या नाश्त्याशी काही संबंध नाही. पोहे खाऊन या.

हा गोंधळ एका वाक्यात मिटतो. मिटत नाही तो दुसरा: लघवी भरून यायचं की करून यायचं? याचं उत्तर सोनोग्राफी वरून होणार की आतून, यावर आहे आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही.

वरून म्हणजे पोटावर गार जेल लावून करतात ती, सगळ्यांच्या माहितीची. आतून म्हणजे योनीमार्गातून बारीक प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी, घालून करतात ती. चिठ्ठीवर 'टीव्हीएस' लिहिलेलं असेल तर ही.

सुरुवातीच्या दोनतीन महिन्यांत गर्भपिशवी ओटीपोटात खोल, कमरेच्या हाडांच्या आड असते. तिच्या पुढे लघवीची पिशवी आणि आजूबाजूला आतड्यांची वेटोळी. आतड्यांत असते हवा, आणि सोनोग्राफीच्या लहरी हवेपाशी अडतात. पाण्यातून मात्र सरळ जातात. लघवीची पिशवी भरली की ती आतड्यांना बाजूला सारते आणि डॉक्टरांना पाण्यातून आरपार खाली बघता येतं. म्हणून वरून करायची असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी, आणि मग बाथरूमला जायचं नाही. आम्ही दर दहा मिनिटांनी "प्रेशर आलं का?" विचारतो ते उगाच नाही.

आतून करताना प्रोब गर्भपिशवीच्या अगदी जवळ असतो. मध्ये आतडी नाहीत, त्यामुळे पाण्याची गरज नाही. अंतर कमी म्हणून जास्त फ्रिक्वेन्सी चालते आणि चित्र कितीतरी बारीक येतं. इथे लघवी भरलेली असेल तर ती गर्भपिशवीला प्रोबपासून दूर ढकलते, शिवाय तुम्हाला कळा येतात त्या वेगळ्याच. तेव्हा आधी बाथरूम, मग टेबल.

कोणती होणार हे कळत नसेल तर फोन करून "वरून की आतून?" एवढंच विचारा. फोन लागला नाही तर माझं मत ठाम आहे: भरूनच या. रिकामी करायला दोन मिनिटं लागतात, भरायला तास. पुष्कळदा दोन्ही होतात. आधी वरून बघतात, मग "लघवी करून या" म्हणतात आणि आतून. पण दोन लिटर ढोसून, घामाघूम होऊनही येऊ नका. फार तट्ट फुगलेली पिशवी गर्भपिशवीला दाबते आणि चित्र बिघडतं. उलट्या होत असतील तर दीड तास आधीपासून घोट घोट घ्या. पाणीच घ्या, कोल्ड्रिंक नको.

आणखी एक. आतून जे दिसतं ते वरून दिसायला साधारण आठवडाभर जास्त लागतो. सहाव्या आठवड्यात वरून ठोके दिसले नाहीत म्हणून माझ्या बाकावर बसून रडलेल्या बायका मी पाहिल्यात. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि पाळी अनियमित असेल तर हिशोब सहज चुकतो. आतून बघूनही गर्भ 7 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ठोके दिसले नाहीत एवढ्यावरून कोणी निदान करत नाही, साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी परत बोलावतात.

"आतून केलं की गर्भ पडतो" हे ऐकून मात्र माझं डोकं फिरतं. प्रोब गर्भपिशवीच्या तोंडाबाहेरच राहतो. त्यावर दर वेळी नवीन कंडोम चढवतात; रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. रक्तस्राव होत असला तरी ही तपासणी करता येते. सोबत बाई हवी असेल तर मागा, आणि नकोच असेल तर नाही म्हणा, जबरदस्ती कोणी करू शकत नाही.

बाकी डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र आणा. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार 'फॉर्म एफ' भरून सही द्यावी लागते, ती घाईत नको, वाचून करा. आणि कृपा करून वन-पीस घालून येऊ नका. वरून असो की आतून, सलवार-कुर्ता बरा पडतो.