नागपूरचं स्टोनहेंज? जुनापाणीला निदान तसं म्हणू नका

दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो फोटो फिरतोच. गवतात गोल मांडलेले काळे दगड आणि खाली 'आपल्या नागपूरचं स्टोनहेंज, अभिमान असेल तर शेअर करा'. अभिमान ठीक आहे हो, पण त्या नावामुळे होतं काय की लोक काटोल रोडने गाडी काढून जुनापाणीला जातात, डोक्यात ते इंग्लंडवाले उंचच उंच खांब असतात आणि समोर दिसतात गुडघ्या-मांडीएवढे धोंडे, काही तर गवतात सापडतही नाहीत. मग 'बस, एवढंच?' म्हणून परत.

दोन्हीकडे मोठे दगड, दोन्हीकडे गोल, इतकंच काय ते सारखं.

स्टोनहेंजमध्ये दगड हेच मुख्य बांधकाम. इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास आधी गोल खंदक आणि मातीचा बांध झाला आणि ते भलेमोठे सार्सेन (एक कठीण वालुकाश्म) दगड उभे राहिले साधारण इसपू २५०० ला. एकेक सरासरी २५ टनांचा, आणला सुमारे २५ किमीवरून. आतले छोटे निळसर दगड तर थेट वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून, म्हणजे दोनशे किमीच्या वर. वरच्या आडव्या दगडांना खाच पाडलीये, खालच्या उभ्याला तेवढाच उंचवटा ठेवलाय, आपल्याकडे दाराची चौकट जोडतात तसं, पण दगडात. हे सगळं दिसावं म्हणूनच केलेलं आहे.

जुनापाणीत उलटं. तिथे दगड ही फक्त कड आहे, आणि खरी गोष्ट कडेच्या आत पुरलेली आहे. म्हणजे आधी बेसॉल्टचे धोंडे गोल लावायचे, साधारण १०-१५ मीटर व्यासाचं वर्तुळ, आत मेलेल्या माणसाची हाडं (पूर्ण सांगाडा कमीच, बऱ्याचदा थोडीफार हाडंच), सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, आणि मग वरून काळी माती आणि दगडगोटे भरून टाकायचे. असं वर्तुळ एकटंदुकटं नसतं, एकट्या जुनापाणीत तीनशेच्या आसपास आहेत. म्हणजे ही स्मशानभूमी आहे, लोखंड वापरणाऱ्या लोकांची, इसपू पहिल्या सहस्रकातली, आणि अशा जागा विदर्भात भरपूर आहेत, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमहारी, यादी लांब आहे.

आता यातलं मला सगळ्यात भारी वाटतं ते घोडं. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे १९७० च्या आसपास माहुरझरी आणि टाकळघाट-खापाला उत्खननं केली त्यात माणसासोबत घोड्याचे अवशेष मिळाले, तोंडातले लगाम मिळाले, आणि घोड्याच्या चेहऱ्यावर घालायचे तांब्याचे दागिने. माणूस गेला तर त्याचा सजवलेला घोडाही सोबत. आणि नायकुंडला पेंच नदीच्या काठावर लोखंड गाळायच्या भट्टीचे अवशेष निघाले, म्हणजे थडग्यात ठेवलेलं लोखंड बाहेरूनच आणलं असेल असं कोणी म्हणायला नको, इथेही गाळत होते. इतकं सगळं असताना आपण नाव कुणाचं लावतो, तर स्टोनहेंजचं.

कोणी म्हणेल स्टोनहेंजलाही हाडं मिळालीत की. मिळालीत, बरोबर, सुरुवातीच्या काही शतकांत तिथे जाळलेल्या माणसांची हाडं पुरली जायची. पण पुढे जे दगडांचं बांधकाम झालं ते कुणा एका माणसाचं थडगं झाकायला नाही. इंग्लंडमधलं जुनापाणीचं भावंड शोधायचंच असेल तर स्टोनहेंजकडे पाठ करून आजूबाजूच्या शेतातले मातीचे गोल उंचवटे बघा, त्यांना बॅरो म्हणतात, शेकड्यांनी आहेत. त्यातलाच एक बुश बॅरो, १८०८ मध्ये खोदला तर आत एक माणूस, खंजीर आणि छातीजवळ पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा सोन्याचा पत्रा. माणूस, त्याची हत्यारं, वर ढिगारा. हे आपल्या वर्तुळांशी जुळतं, काळ मात्र तोही हजारेक वर्षं आधीचा.

काळाचं तर बोलायलाच नको. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले तेव्हापासून विदर्भातली ही वर्तुळं होईपर्यंत दीड हजार वर्षं सहज गेली. गंमत म्हणजे स्टोनहेंजशी ज्यांचं नाव उगाच जोडतात ते प्राचीन ब्रिटनमधले ड्रुइड पुजारी, त्यांचे लिखित उल्लेख इसपूच्या शेवटच्या दोनतीन शतकांतले, म्हणजे ते काळाने स्टोनहेंजपेक्षा जुनापाणीच्या जवळचे!

बरं, हा गोंधळ व्हॉट्सॲपचा नाही, दीडशे वर्षं जुना आहे. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळं खोदली आणि १८७९ मध्ये छापलेल्या लेखात इथल्या धोंड्यांवरच्या खळग्यांची तुलना ब्रिटनमधल्या तशाच खळग्यांशी केली. वाटीसारखे छोटे गोल खळगे, ओळीत कोरलेले, ते अजूनही दिसतात. १९६० च्या दशकात बी. के. थापर यांनी परत उत्खनन केलं. खळग्यांचा संबंध दिशांशी किंवा ताऱ्यांशी असावा असं मांडणारेही आहेत, असेलही, पण स्टोनहेंजचा अक्ष उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाला लागतो हे जितकं स्पष्ट आहे तितकं इथे काही स्पष्ट नाही, त्यामुळे २१ जूनला तिथे पहाटे जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही, आभाळ आलेलं असेल ते वेगळंच.

जायचं तर थंडीत जा आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण तिरप्या उन्हातच ते खळगे उठून दिसतात, दुपारी बाराला सगळा दगड सपाट वाटतो. आणि जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, रीलसाठी धोंडे हलवू नका राव.