द्राक्षाचा जीनोम आणि चुकांची दुरुस्ती : पार्श्वभूमी

नाशिक पट्ट्यात बी पेरून द्राक्षबाग कुणी लावत नाही. डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन जातीची काडी भरायची, कलम जगलं की बाग सुरू. त्यामुळे वेलीच्या दोन मूळ पालकांकडून आलेले डीएनएचे दोन संच वर्षानुवर्षं जवळपास तसेच राहतात, आणि या दोहोंत फरकही भरपूर असतो. जीनोम, म्हणजे वेलीचा सगळा डीएनए, अक्षर-अक्षर वाचणाऱ्यांना नेमकं हेच नडलं. म्हणून २००७ साली फ्रेंच-इटालियन गटाने पिनो न्वार या द्राक्षजातीच्या वंशातली, दोन्ही संच जवळपास सारखे असलेली खास वेल वाचायला घेतली. सोयीची वेल, बागेतली नव्हे.

पुढे डीएनए वाचणारी स्वस्त यंत्रं आली. ती डीएनए तुकड्या-तुकड्याने वाचतात आणि मग ते तुकडे जोडायचे; पण त्यांचे तुकडे शे-दीडशे अक्षरांचे. चुका शंभरात एकीहून कमी; मात्र तोच तोच मजकूर पुन्हा येतो तिथे तुकडा कुठे बसवायचा ते कळेना. २०११ मध्ये पॅकबायो कंपनीचं यंत्र बाजारात आलं. तुकडे हजारो अक्षरांचे, आणि शंभर अक्षरांत पंधराएक चुका! बहुतेक चुका अक्षर घुसल्याच्या किंवा गळाल्याच्या. ‘टीटीटीटी’ असेल तिथे ‘टीटीटी’ दिसणार, आणि जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जात असल्याने पुढची सगळी फोड सरकणार.

२०१२ मध्ये सर्गेय कोरेन, अ‍ॅडम फिलिपी या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी लांब तुकड्यांवर आखूड तुकडे बसवून बहुमताने दुरुस्ती केली; अचूकता ९९.९ टक्क्यांपुढे गेली. संगणकाला हे काम जडच. २०१४ च्या लॉर्डेक या प्रोग्रामने आखूड तुकड्यांचं जाळं विणून त्यातून वाट काढली आणि वेळ, मेमरी दोन्ही वाचवलं.

द्राक्षासाठी मात्र आखूड तुकड्यांनी लांब तुकडे दुरुस्त करायची ही पद्धत मला कायम धोक्याची वाटत आली आहे. आखूड तुकडा कोणत्या संचातला, हे दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामला कळत नाही. बहुमताच्या नादात एका संचातला खरा फरकही चूक म्हणून पुसला जातो. डावणी-भुरी या द्राक्षरोगांशी झुंजणाऱ्या जनुकांसारखी जनुकं तर एकमेकांशेजारी घोळक्याने असतात. तिथे खिचडी व्हायला कितीसा वेळ?

२०१३ पासून लांब तुकडे एकमेकांनाच दुरुस्त करू लागले. त्याच वाटेने २०१६ मध्ये, नाशिकच्या वायनरींनाही लागणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यो या द्राक्षजातीचे दोन्ही संच बऱ्याच अंशी वेगळे काढता आले. पॅकबायोच्याच २०१९ च्या हायफाय पद्धतीत एकच रेणू गोल फिरवून पुन्हा पुन्हा वाचतात, अचूकता ९९.८ टक्के. तिथे आखूड तुकड्यांची गरजच उरली नाही. नॅनोपोर हे लांब तुकडे वाचणारं दुसरं तंत्र; त्याच्या जुन्या डेटाचं तसं नाही. एकाच अक्षराची रांग लागली की तो बहुतेक वेळा त्याच जागी चुकतो, त्यामुळे आपसातल्या बहुमताने ती चूक निघत नाही. तिथे आखूड तुकडे अजूनही लागतात.