पिवळी ठिणगी: कॉईल की कंडेन्सर?

जुनी येझदी किंवा पॉइंटवाली (धातूच्या दोन तोंडांच्या उघडमिटीने ठिणगीचा करंट जोडणारी-तोडणारी) बुलेट गरम होऊन बंद पडली, प्लग काढून बघितला तर ठिणगी बारीक आणि पिवळी, की निदान ठरलेलं असतं: "कॉईल गेली," म्हणजे ठिणगीसाठी बॅटरीचे व्होल्ट वाढवणारी गुंडाळी गेली. बेळगावात, निपाणीत, खानापुरात, कुठल्याही गॅरेजच्या दारात उभं राहा, हेच ऐकू येतं. मग नवी कॉईल येते. "उघडलंच आहे तर तेपण टाकू की" म्हणून सोबत पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली, वीज क्षणभर साठवणारी छोटी डबी) हेही नवे पडतात. गाडी चालू होते, कॉईलच गेली होती असं सगळ्यांना वाटतं आणि धडधाकट जुनी कॉईल भंगारात जाते. अशा भंगारातून मी तीन कॉईली उचलून आणल्यात. तिन्ही आज गाड्यांवर चालतायत. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. येझदीची मूळची कॉईल आता जपून ठेवायची वस्तू आहे, अंदाजाने फेकायची नाही.

प्लगबद्दल वेगळं सांगत बसत नाही. टू-स्ट्रोक चालवणाऱ्या प्रत्येकाला काजळी घासता येते, ०.६ मिमीची फट लावता येते. चांगला प्लग लावूनही ठिणगी अशक्त असेल, तिथून पुढचं हे लिहितोय. आणि हे बॅटरी-कॉईलवाल्या गाड्यांपुरतंच. इंजिनाच्या फिरत्या चाकातल्या मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय स्वतः वीज करणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या गाड्यांच्या तपासण्या निराळ्या.

कॉईल काय करते ते बहुतेकांना माहीत असतं. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो आणि आतल्या लोखंडाचं चुंबक होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्ट उठतात. कंडेन्सरबद्दल मात्र "पॉइंट जळू नयेत म्हणून असतो" एवढंच सांगितलं जातं, आणि या अर्धवट वाक्यानेच सगळा घोळ केलाय. पॉइंट वाचवणं हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम करंट झटक्यात तोडायला मदत करणं.

उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. मोटर चालू असताना व्हॉल्व्ह हळूहळू फिरवला तर काही होत नाही, एकदम बंद केला तर पाइपाला दणका बसतो. प्लगवरची ठिणगी हा तसलाच दणका आहे. करंट जितका झटक्यात तुटेल तितके जास्त व्होल्ट. पण पॉइंट उघडताना सुरुवातीला फट केसाएवढी असते, आणि त्याच क्षणी कॉईलच्या जाड वेढ्यातही दोनशे-तीनशे व्होल्ट उसळलेले असतात. करंट त्या फटीवरून सरळ उडी मारतो. कंडेन्सर त्याला तेवढ्या पहिल्या क्षणापुरती दुसरी जागा देतो, तोवर फट रुंदावते आणि करंट खरोखर तुटतो. कंडेन्सर दुबळा झाला तर पॉइंटवरच जाळ पेटतो, करंट रेंगाळतो, दणका बसतच नाही. कॉईल पूर्ण निरोगी, तरी प्लगवर ठिणगी पिवळी.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे: प्लगकडे बघून कॉईल आणि कंडेन्सर वेगळे ओळखता येत नाहीत. ते वेगळे दिसतात फक्त पॉइंटवर. प्लग सगळे बघतात. पॉइंटचं झाकण काढायला दोन मिनिटं लागतात, तेवढं कोणी करत नाही.

संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर करा. पॉइंटचं झाकण काढा. प्लग टोपीत घालून त्याची लोखंडी बाजू इंजिनाला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या जागी आणा, चावी चालू करा आणि लाकडी किंवा प्लास्टिक मुठीच्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने हलता पॉइंट उचकून उघडा. किक मारायचीही गरज नाही. दर वेळी दोन्हीकडे बघा.

पॉइंटवर निळा-पांढरा, तडतडणारा जाडसर जाळ आणि प्लगवर मरतुकडी ठिणगी, असं दिसलं तर कंडेन्सर. किंवा त्याची वायर, किंवा त्याचा अर्थ (चेसिसशी असलेली विजेची जोडणी); तो बसवलेला स्क्रू सैल किंवा गंजलेला असला तरी अगदी हेच दिसतं, म्हणून आधी स्क्रू आवळा. पॉइंटची तोंडं काळीनिळी झालेली असतील तर तीही हेच सांगतायत.

पॉइंट शांत, नुसती बारीकशी टिकली चमकते, आणि प्लगही अशक्त? मग संशय कॉईलवर, पण लगेच नाही. आधी कॉईलला करंट पुरा मिळतोय का बघा. सहा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट कुठे वाया गेला तरी ठिणगी अशक्त होते. बॅटरीच्या अर्थ न केलेल्या टोकापासून कॉईलपर्यंत सरळ तात्पुरती वायर जोडा. ठिणगी सुधारली तर चोर चावीच्या स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. पॉइंट मळलेले असतील तरी करंट अडतो. बारीक कानशीने हलके घासा, मग पेट्रोलात भिजवलेला कार्डाचा तुकडा मधून ओढा. पॉलिश पेपर लावू नका, कळकळीने सांगतो. त्याचे कण तोंडांत रुततात आणि दोन दिवसांनी तोच रोग परत. एवढं सगळं नीट असूनही ठिणगी दुबळी राहिली, तर आता म्हणा कॉईल.

पॉइंटवरही काही नाही आणि प्लगवरही काही नाही, असं झालं तर कंडेन्सरची वायर सोडवून पुन्हा पॉइंट उघडा. आता पॉइंटवर जाळ दिसू लागला तर कंडेन्सर आतून शॉर्ट होता. बुलेटवाल्यांना याची चाहूल झाकण न काढताही लागते. चावी चालू ठेवून इंजिन सावकाश फिरवताना अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा पॉइंट मिटले की मागे पडतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मागेच चिकटून राहिला तर करंट कुठेतरी थेट अर्थ होतोय.

मल्टिमीटर लावून "कंडेन्सर ओके" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालून थकलो. मीटर आत दोन-चार व्होल्ट सोडतो. गाडीवर कंडेन्सरला दोनशे-तीनशे व्होल्ट सोसावे लागतात, तेही इंजिनाच्या उष्णतेत. टेबलावर थंड असताना तो ०.२ मायक्रोफॅरड बरोबर दाखवेल आणि घाटात गळेल. कॉईलचंही तसंच; थंड कॉईलचे ओहम बरोबर आले म्हणून तिचं इन्सुलेशन गरम झाल्यावर टिकेल असं नाही. मीटर "मेलेलं" दाखवतो तेव्हा विश्वास ठेवा, "जिवंत" दाखवतो तेव्हा नको.

गरम झाल्यावर बंद पडणं हे दोघांचंही लक्षण, म्हणून तिथे गोंधळ सर्वांत जास्त. वडिलांच्या येझदीवर मी आणि मावसभाऊ गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाट चढत होतो. अर्ध्या चढाला गाडी मिस मारायला लागली आणि थांबली. महिन्यापूर्वीच एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून नवी कॉईल घातलेली.

"दादा, ही नवी कॉईलपण डुप्लिकेट दिसतीय बघ," मावसभाऊ म्हणाला.

मी बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते कॉईलच्या अंगाभोवती गुंडाळलं, वायरीचं तोंड कोरडं ठेवून. कॉईल गरम होऊन मरत असेल तर थंड झाल्यावर ती जिवंत होते. पाच मिनिटं थांबलो, कॉईल हाताला गार लागली, किक मारली, काही नाही. मग उजव्या बाजूचं झाकण काढलं. कंडेन्सरला बोट टेकवत नव्हतं. त्याची वायर सोडवली, डिकीतला जादा कंडेन्सर काढून त्याची वायर पॉइंटच्या वायरीला क्लिपने जोडली, अंग चेसिसला तारेने बांधलं. दुसऱ्या किकला गाडी लागली आणि तशीच, बाहेर लोंबणाऱ्या कंडेन्सरवर, कणकुंबी-जांबोटीवरून बेळगावात आली. जुनी कॉईल मी दुसऱ्या दिवशी परत घातली. ती आजही आहे.

इथे एक चूक बरेच जण करतात. जुना कंडेन्सर न सोडवता नवा नुसता शेजारी जोडतात. जुना आतून तुटलेला असेल तर चालून जाईल, पण गळका किंवा शॉर्ट असेल तर तो जागेवर असेपर्यंत नव्याचा उपयोग शून्य. मग "कंडेन्सर बदलून बघितला, फरक नाही" म्हणत पुन्हा कॉईलवर येतात.

"ठिणगी पडतीय की!" हेही पुरेसं नाही. उघड्या हवेत प्लगची फट ओलांडणं सोपं असतं; सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत त्याला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. टोपी काढून वायरीचं टोक, कोरड्या इन्सुलेटेड पकडीत धरून, इंजिनाच्या पाकळीपासून पाच-सहा मिमीवर ठेवा. तेवढं अंतर ठिणगीने टचकन ओलांडलं पाहिजे.

कॉईली खरोखर मरतात त्या बहुधा आपल्याच हाताने. इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून चहाला गेलात, पॉइंट मिटलेले असले, तर करंट सलग वाहून कॉईल आतून भाजते. वर सांगितलेली तपासणी करतानाही दर दोन-चार झटक्यांनी चावी बंद करा.

माझ्या गाडीवर आता कंडेन्सर इंजिनाजवळ ठेवलेलाच नाही. कॉईलजवळ, चेसिसचा रंग खरवडून, तिथे पक्का बसवलाय आणि वायर कॉईलच्या पॉइंटकडच्या टोकाला जोडलीय. विजेच्या हिशोबाने जागा तीच, उष्णता मात्र नाही. तोही मोटारगाडीचा जाडजूड कंडेन्सर, कारण दुचाकीचे म्हणून मिळणारे नवे मला डब्यातूनच खराब निघालेत. डिकीत अजून एक जादा आहे, क्लिपसकट, जुन्या ट्यूबच्या रबरात गुंडाळलेला.