बोटीची कील वाचवणारी पट्टी, आणि ती सुटू नये म्हणून

फायबरच्या छोट्या बोटीला बाहेरून जो चकचकीत थर असतो, जेलकोट, तो किती जाड असतो माहितीये? साधारण अर्धा मिलीमीटर. बस, एवढाच. त्याच्या आत पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या धाग्यांचे थर, बोटीची खरी ताकद तिथे. आता ही बोट वाळूवर चढवली की खाली काय होतं बघा, वाळूत बहुतेक ठिकाणी क्वार्ट्झचे कण भरपूर असतात आणि कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर बसतं, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, ॲल्युमिनियम तर तीनच्याही खाली. म्हणजे जे काचेला ओरखडतं त्याच्यापुढे जेलकोट काय टिकणार. दर वेळी किनाऱ्याला लागताना थोडा थोडा जातो, आणि जातो तो एकाच रेघेवरून.

ती रेघ म्हणजे कील, तळाचा मधला कणा. तळ व्ही आकाराचा असेल तर जमिनीला आधी टेकतं ते व्हीचं टोकच. समजा पुढच्या भागाचा १५० किलो भार कीलवर आला आणि मऊ वाळूत २ सेमी रुंद, ५० सेमी लांब एवढी जागा टेकली, तर दर चौरस सेमीवर दीड किलो येतो, फार काही नाही. पण तोच भार एका दगडाच्या १ चौरस सेमी टोकावर आला की थेट १५० किलो, शंभर पट! म्हणून गुळगुळीत वाळूवर कील हळूहळू झिजते आणि खडकाळ जागी एकाच फटक्यात तिचा टवका उडतो.

टवका उडाला म्हणजे फक्त दिसायला खराब असं समजू नका. काचेचे धागे उघडे पडले की धागा आणि रेझिन यांच्या मधल्या बारीक फटीतून पाणी आत आत ओढलं जातं. पॉलिएस्टरमधले एस्टर बंध पाण्याने हळूहळू तुटतात (याला हायड्रोलिसिस म्हणतात), त्यातून आम्लं आणि पाण्यात विरघळणारे पदार्थ तयार होतात, मग त्या घट्ट द्रावणाकडे ऑस्मोसिसने (पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे पाणी झिरपणं) आणखी पाणी खेचलं जातं आणि तळावर फोड येतात. असा फोड फोडला तर आतल्या पाण्याला बरेचदा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. हे सगळं पाण्याखाली गुपचूप चालू असतं म्हणून मला कीलची काळजी बाकी कुठल्याही भागापेक्षा जास्त वाटते.

यावर उपाय जुना आहे, झिजायचंच असेल तर बोटीने झिजू नये, तिच्याखाली लावलेल्या दुसऱ्या कशाने तरी झिजावं. पूर्वीच्या लाकडी जहाजांना मुख्य कीलच्या खाली एक जास्तीचं लाकूड ठोकलेलं असायचं, फॉल्स कील. जून १७७० मध्ये कॅप्टन कुकचं एन्डेव्हर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर आदळलं तेव्हा या फॉल्स कीलचे तुकडे निघून गेले. जहाजाला भोक पडलंच, पण मुख्य कण्याला फारशी इजा झाली नाही आणि पुढे किनाऱ्याला ओढून दुरुस्ती करता आली.

आजच्या बोटींना याच कामासाठी कीलवर पट्टी लावतात, ती कशाची असावी यात मात्र गंमत आहे. पितळ, स्टेनलेस, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या स्क्रूने बसवतात, टिकतातही, पण स्क्रू म्हणजे तळाला भोकं, प्रत्येक भोक नीट सीलंट भरून बंद करावं लागतं. शिवाय दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की बॅटरीच तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू खाल्ला जातो. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली एचएमएस अलार्मच्या तळाला तांब्याचे पत्रे लावले, आणि थोड्याच काळात लोखंडी खिळे ठिकठिकाणी कुजलेले निघाले, पण जिथे पत्र्याला गुंडाळून आलेला कागद चुकून मधेच राहिला होता तिथले खिळे धड होते! म्हणून ॲल्युमिनियमच्या बोटीला पितळेची पट्टी लावायचा विचारही करू नका, पट्टी राहील आणि बोट जाईल.

हल्ली छोट्या बोटींना जास्त करून पॉलिमरची, रबरासारखी लवचिक, मागे गोंद असलेली पट्टी लावतात. ती क्वार्ट्झपेक्षा कितीतरी मऊ असते, मग टिकते कशी? कडक ठिसूळ थरात वाळूचा कण घुसला की बारीक चिरा पाडतो आणि कपचा उडतो, लवचिक थर मात्र दबतो, कण पुढे सरकला की परत वर येतो. दगडाचं टोकही थोडं आत रुततं, टेकणारी जागा वाढते, म्हणजे वरचं ते १५० किलोचं गणित आपोआप सौम्य होतं.

आता खरा मुद्दा. माझ्या मते पट्टीचं यशापयश पट्टीवर कमी आणि तिच्याखालच्या पृष्ठभागावर जास्त ठरतं. या गोंदाला वाळावं लागत नाही, तो दाबाने चिकटतो. तो मधासारखा अतिशय सावकाश वाहणारा पदार्थ असतो, दाबला की पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत शिरतो, आणि जी ओढ त्याला धरून ठेवते ती रेणूंमधली व्हॅन डर वाल्स ओढ, तिचा पल्ला जेमतेम नॅनोमीटरचा. मधे मेणाचा, तेलाचा किंवा धुळीचा अगदी पातळ थर आला तरी गोंद त्या मेणालाच चिकटतो, बोटीला नाही. आणि नव्या बोटीवर साच्यातून सुटायला लावलेलं वॅक्स असतंच, जुनीवर पॉलिशचं.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे, आधी वॅक्स काढायचं आणि मगच सँडपेपर, उलटं केलं तर घासताना वॅक्स ओरखड्यांमध्ये भरून बसतं. सॉल्व्हंटने पुसताना एका फडक्याने ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं, नाहीतर मेण विरघळून परत तिथेच पसरतं. मग पाणी शिंपडून बघा. थेंब थेंब झाले तर वॅक्स अजून आहे, पाणी सपाट पसरून राहिलं तर काम झालं. ही टेस्ट फुकट आहे आणि तरी लोक ती करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. एपॉक्सीने पॅच मारला असेल तर त्याच्यावर कधी कधी अमाइनचा (एपॉक्सीच्या हार्डनरमधलं रसायन) मेणचट थर येतो, तो आधी साध्या पाण्याने घासून धुवायचा. अँटीफाउलिंग रंगावर (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो) पट्टी लावू नका, यातले बरेच रंग स्वतःच झिजत जायला बनवलेले असतात, तिथे तो रंग काढावाच लागतो. आणि कीलला आधीच टवके असतील तर भरून, पूर्ण वाळवून मगच पट्टी, नाहीतर ओल आत कोंडली जाईल.

थंडीत हे काम करू नये, गोंद कडक होतो आणि वाहत नाही. २० ते ३५ अंशांच्या दरम्यान, बोट आणि पट्टी दोन्ही कोरडी असताना बरं पडतं. पट्टी आधी उन्हात उलगडून ठेवली की गुंडाळीचा बाक निघून जातो. मग कीलच्या दोन्ही बाजूंना टेप लावून रेषा आखायची, बोटीच्या पुढच्या, दोर अडकवायच्या कडीच्या थोडं खालून सुरुवात करायची, गोंदावरचा कागद थोडा थोडा सोलत मधून कडांकडे रोलरने जोर लावून दाबत जायचं. ताणायची मात्र अजिबात नाही. ताणलेलं रबर पुढचे कित्येक महिने मागे यायला बघतं आणि तो सगळा ताण टोकांच्या गोंदावर येतो. तापमानाने तसाही ताण येतोच, ५ मीटर ॲल्युमिनियम ३० अंश तापलं तर साधारण साडेतीन मिमी वाढतं, पॉलिमर त्याच्या काही पट.

गोंदाला सरळ घसटीची ओढ झेपते पण एका कडेने सोलून काढणं झेपत नाही कारण तेव्हा सगळं बळ एका बारीक रेघेवर येतं. म्हणून पट्टीचं पुढचं टोक गोल कापायचं आणि कडेला सीलंटची बारीक रेघ ओढायची, धावत्या पाण्याला आत शिरायला जागाच ठेवायची नाही. मागे पट्टी अगदी शेवटपर्यंत नेऊ नका, तिच्या कडेमागे भोवरे आणि बुडबुडे तयार होऊन प्रोपेलरकडे किंवा खोली मोजणाऱ्या सेन्सरकडे जाऊ शकतात.

बोट हळू होईल का, हा प्रश्न हमखास येतो. तळाला लागून पाण्याचा जो मंदावलेला थर असतो तो ताशी १८ किमी वेगाला पुढच्या टोकापासून १ मीटरवर साधारण पावणेदोन सेमी आणि ५ मीटरवर ६ सेमीच्या आसपास जाड असतो, ३-४ मिमीची पट्टी त्यातच बुडालेली असते. फरक असेल पण जाणवण्याइतका नाही.

लावून झाल्यावर लगेच पाण्यात घालायची घाई करू नका. असल्या ॲक्रिलिक गोंदाची २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत साधारण ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते, तीही साध्या खोलीच्या तापमानाला. त्यानंतर दर वेळी बोट ट्रेलरवर आली की पुढच्या टोकावरून नख फिरवून बघा, कड उचललेली लागली तर तेवढीच जागा साफ करून त्याच दिवशी सीलंटने बंद करा.