दातांचा सातबारा

धरमपेठेतल्या ओळखीच्या एका बाईंनी परवा एक डबी माझ्यापुढे धरली. ‘लायन्स मेन’ अळंबीची पावडर, म्हणे स्मरणशक्ती तल्लख होते. किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. “सर, घेऊ का हो?” माणसांवर झालेले प्रयोग छोटे आहेत, त्यांच्या जिवावर एवढा दावा करता येत नाही, असं मी सांगितलं आणि डबी उलटी केली. मागे बारीक अक्षरात पूर्ण नाव छापलेलं होतं : हेरिसियम एरिनेसियस (बुल.) पर्स.

शेपटीला लागलेले ते दोन तुटके शब्द म्हणजे या बुरशीचा सातबारा. बुल. म्हणजे पिएर बुल्यार. या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि आडनाव, म्हणजे दोन शब्दी नावातला पहिला, कुळीचा शब्द, दिलं हिड्नम. पर्स. म्हणजे पर्सून, दक्षिण आफ्रिकेत जन्मून पॅरिसात हलाखीत दिवस काढलेला. त्याने १७९७ मध्ये तिला हेरिसियम या आडनावाखाली आणलं. कंस दिसला की समजायचं, फेरफार झालाय. हिड्नेलम पेकाय बँकर या दुसऱ्या एका बुरशीच्या नावात कंस नाही, कारण १९१३ मध्ये बँकरने दिलेलं आडनाव अजून टिकून आहे. यातला पेक हा न्यूयॉर्कचा वनस्पतिशास्त्रज्ञ, त्याने अडीच हजारांहून जास्त बुरशांची वर्णनं लिहिली. कोवळेपणी या पेकाय बुरशीवर लाल थेंब साचतात. समाजमाध्यमांवर तिला ‘रक्त गाळणारी’ म्हणून फिरवतात. बुरशी जास्तीचं पाणी बाहेर टाकते आणि त्यात रंगद्रव्य मिसळलेलं असतं, एवढंच.

नावामागे आपलं नाव लागावं या हौसेपायी काही जण नव्या जातींचा सपाटाच लावत. सिनसिनाटीच्या कर्टिस लॉइडला ते इतकं खटकायचं की थट्टा म्हणून त्याने मॅकगिंटी नावाचा एक प्राध्यापकच कल्पनेतून उभा केला आणि त्याच्या नावावर जाती खपवल्या.

आता मुद्दा दातांचा. गोकुळपेठ मार्केटात पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, येतात, त्या उलट्या करून पाहा : खाली वहीच्या पानांसारखे पापुद्रे. डबीतल्या हेरिसियमसारख्या दंतुर बुरशीत त्या जागी लोंबते दात असतात. सजीवांना दोन शब्दी नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये दात दिसले की हिड्नम, असा सरळ हिशोब ठेवला. डीएनए वाचता येऊ लागल्यावर तो विस्कटला. खरी हिड्नम निघाली शँटरेल नावाच्या अळंबीच्या घरातली, हेरिसियम रुसुला या दुसऱ्या अळंबीच्या, आणि जेलीसारखी स्यूडोहिड्नम तर लाकडावरच्या कानासारख्या बुरशीची नातेवाईक. आपला काटेरी थोर आणि अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग दिसायला भाऊ वाटतात, नातं मात्र काही नाही. तसंच हे.

मग दात पुन्हा पुन्हा का उगवावेत? बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीएवढं बी, एका नाजूक देठावर बसलेला असतो. त्याच्या बुडाशी दमट हवेतलं पाणी जमून एक थेंब फुगतो. थेंब फुगत फुगत बीजाणूच्या अंगावरच्या पाण्याच्या पातळ थराला टेकतो आणि क्षणात त्यात मिसळतो. वस्तुमानाचा मध्य सरकतो आणि बीजाणू उडी मारतो, गुरुत्वत्वरणाच्या हजारो पट त्वरणाने! एवढा जोर लावून अंतर किती, तर मिलिमीटरचा अंशच. इतक्या हलक्या कणाला हवा जागीच थांबवते. त्यानंतर तो सरळ खाली पडतो. म्हणजे उडी पलीकडच्या भिंतीला चिकटण्याइतकी लांब नको, आणि खाली मोकळी वाट हवी. टोकाकडे निमुळता होणारा दात हे दोन्ही साधतो, कारण दोन दातांमधली फट खाली जाताना रुंदावते. शिवाय जागेचा हिशोब करा. एक चौरस सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर लांबीचे, बुडाशी १ मिलिमीटर जाडीचे २५ दात लावले, तर त्यांचा पृष्ठभाग जवळपास ४ चौरस सेंटिमीटर भरतो. जागा तेवढीच, पीक चौपट! ओंडका लोळून दिशा बदलली, तर हेरिसियमचे नवे दात पुन्हा जमिनीकडेच वाढतात. थेंबाला दमटपणा लागतो, म्हणून मे महिन्यातल्या नागपुरात हा खेळ बघायला मिळायचा नाही.

हे ऐकून बाईंनी विचारलं, “मग विषारी कसं ओळखायचं? चांदीचा चमचा काळा पडतो ना?” नाही. चमच्याला विष कळत नाही आणि किडे जे खातात ते आपल्याला चालेलच असंही नाही.

जुलैत सेमिनरी हिल्सला एक वाळकी फांदी सापडली. तिच्यावर पांढरा थर, भिंगाखाली चपटे, फाटके दात. इर्पेक्स या लाकडावरच्या बुरशीच्या दातांची तऱ्हा अशीच असते : आधी छिद्रं असतात, त्यांच्या भिंती फाटून दात होतात. पण नुसत्या दिसण्यावरून नाव ठोकलं, तर लिनियसचीच चूक पुन्हा व्हायची. नवी जात जाहीर करायची तर वाळवलेला मूळ नमुना संग्रहात जपून ठेवावा लागतो आणि २०१३ पासून नावाचा नोंदणी क्रमांकही घ्यावा लागतो. वर्णन लॅटिनमध्येच हवं, ही अट मात्र २०१२ मध्ये सुटली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीतज्ज्ञ आजरेकरांच्या नावाचा असा बुरशीसंग्रह आहे. माझी फांदी सध्या कागदी पाकिटात आहे. वर तारीख, जागा आणि झाड लिहिलंय, नावाची ओळ कोरी आहे. बाईंनी ते पाकीट हुंगून पाहिलं आणि डबी परत करायला निघाल्या.