सांबाराची जुडी ‘बंच’ की ‘बंडल’?

दहावीच्या पोरांच्या वह्या तपासताना एक चूक मला दरवर्षी भेटते: ‘अ बंडल ऑफ कोरिअँडर’. त्याच वहीत चार ओळी खाली ‘अ बंच ऑफ फायरवूड’. म्हणजे सांबाराची मोळी आणि सरपणाची जुडी! (पुण्या-मुंबईचे वाचक असतील त्यांच्यासाठी: आमच्या यवतमाळकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) मराठीत असं कोणी बोललं तर गावातलं शेंबडं पोरगंही टोकेल. इंग्रजीत मात्र ते खपून जातं, कारण पोरं वापरतात त्या गाइडात दोन्ही शब्दांपुढे ‘जुडगा’ एवढंच छापलंय. त्या पानाचा मला खरोखर राग येतो.

सोपं आधी उरकून घेऊ. गुरांचा हर्ड, मेंढ्यांचा फ्लॉक, उडालेल्या मधमाश्यांचा स्वॉर्म. ही पाठांतराची बाब, ती पोरांना येते. ‘क्लस्टर’ही फारसा अडत नाही. तिथं धरणारी मूठ नाही की बांधणारी दोरी नाही, नुसती जवळीक आहे. टेकडीखालची दहा घरं क्लस्टर, आभाळातला चांदण्यांचा पुंजका क्लस्टर. आपल्या शाळांच्या केंद्रालाही सरकारी इंग्रजीत क्लस्टरच म्हणतात.

गाडी रुतते ती बंच आणि बंडलपाशी, आणि रुतवते आपली जुडी. जुडी बांधलेली असते. बांधलं म्हणजे बंडल, असं पोरं धरून चालतात. तिथंच फसतात.

आमच्या आठवडी बाजारात एक मावशी सांबार विकते. तिचा हात बघण्यासारखा आहे. मूठभर सांबार मुळांशी धरायचा, पोत्यावर दोनदा आपटून माती झाडायची आणि मुळांच्या जरा वर सुतळीचा एक वेढा द्यायचा. खाली सगळ्या काड्या एका जागी, वर पानं मोकळी पसरलेली. एकदा वर्गात दाखवायला मी जुडी घेतली आणि तिथंच सुतळी सोडून पाहू लागलो. मावशी म्हणाली, “सोडता कायले सर? घरी गिलासात उभा करून ठेवजा, दोन दिवस ताजा राह्यते.” घरी गेल्यावर सुतळी काढून तसंच ठेवलं. गिलासात उभा असलेला तो सांबार सुतळीवाचूनही जुडीच होता.

हाच बंच. एका टोकाशी एकत्र आलेल्या आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या असलेल्या वस्तू. ते टोक देठाचं असेल, मुठीचं असेल, नाही तर कडीचं. केळीचा घड, द्राक्षांचा घोस, मेथीची जुडी, हातातली फुलं, किल्ल्यांचा जुडगा, सगळे बंच. दोरी असो वा नसो, फरक पडत नाही. केळीच्या व्यापारात तर अख्खा घड म्हणजे बंच, त्यातली फणी म्हणजे हँड आणि एकेक केळं म्हणजे फिंगर. इंग्रजीतली ही वाटणी मला फार आवडते.

आता कापसाच्या वावरात या. वेचणारी बाई ओटीतला कापूस फडक्यावर रिकामा करते, फडक्याची चारही टोकं उचलते आणि गाठ मारते. झालं गाठोडं. हे बंडल. गाठ सोडली की काय उरतं? ढीग. गाठोडं म्हणून काही शिल्लकच राहत नाही, कारण ते गाठीनंच झालेलं होतं. सरपणाची मोळी तशीच, धुण्याचं गाठोडं तसंच, रद्दीचा गठ्ठाही तसाच. गडचिरोलीकडे तेंदूची ७० पानं एकावर एक रचून पुडा बांधतात, त्या पुड्यालाही व्यापारात बंडलच म्हणतात. आणि त्याच पानाची विडी होते तेव्हा तिचंही बंडलच बांधतात.

लक्षात ठेवायला शब्दाचं मूळ पुरे. बंडल आणि ‘बाइंड’ एकाच घरचे, आणि बाइंड हा आपल्या ‘बांधणे’चा लांबचा भाऊबंद. बंडल बांधावं लागतं, हे मराठी पोराला खरं तर आपोआप कळायला हवं. बंच कानाला ‘बंध’सारखा वाटतो, पण तो त्या घरातला मानला जात नाही. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ उंचवटा, कुबड असा होता.

गुंडाळणं हेही बांधण्यातच येतं. म्हणून दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं लेकरू इंग्रजीत ‘बंडल ऑफ जॉय’ असतं, आणि थंडीत अंगावर कपडे चढवायला सांगताना ‘बंडल अप’ म्हणतात.

माणसांच्या बाबतीत ‘अ बंच ऑफ स्टुडंट्स’ बोलण्यात चालतं. अर्जात लिहू नका, तिथं ‘ग्रुप’ लिहा. ‘अ बंडल ऑफ स्टुडंट्स’ कुठंच चालत नाही, पोरांना दोरीनं आवळून उभं केल्यासारखं वाटतं ते.

नोटांचं एक सांगून ठेवतो. आपण १०० नोटांना बंडल म्हणतो. बँकेत मात्र १०० नोटांचं पॅकेट असतं आणि अशा १० पॅकेटांचं एक बंडल. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी हे चुकवू नये.

राहिली कापसाची गाठ. गाठोडं बंडल, म्हणून प्रेसिंग कारखान्यातून दाबून निघालेली गाठही बंडल, असं चांगले पदवीधर लिहितात. नाही. तिला ‘बेल’ म्हणतात. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, यंत्रात दाबून, पट्ट्यांनी आवळून केलेली आपल्या देशातली एक गाठ १७० किलोची. देशातल्या कापूस उत्पादनाची आकडेवारी याच बेलमध्ये मोजतात. यवतमाळ जिल्ह्यात, ज्याच्या घरी कापूस पिकतो त्या पोरानं हा शब्द चुकवला तर मी अर्धा गुणही देत नाही.